पुण्यात नव्याने राहायला येताना: भरवशाची रेंज मिळेल असे सिम, फोन आणि प्लॅन कसे निवडावेत

पुण्यात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी येणारा माणूस खोली पाहायला जातो, तेव्हा पाणी किती वेळ येते, अनामत किती द्यायची, डबा कुठून मिळेल, दुचाकी कुठे लावायची, हे सगळे बारकाईने विचारतो. दार लावून घेतल्यावर त्या खोलीत फोन लागतो की नाही, हे मात्र फार थोडे जण पाहतात. अकरा महिन्यांचा करार होतो, सामान येते, आणि पहिल्याच रात्री घरी फोन करायला जिन्यात नाहीतर गच्चीवर जावे लागते. बँकेचा ओटीपी, फोनवरची मुलाखत, गावाकडून अपरात्री येणारा निरोप, हे सारे आज त्या एका रेंजवर अवलंबून असते. म्हणून खोली निवडताना जितका विचार करतो तितकाच विचार या बाबतीत करावा, असे मला मनापासून वाटते.

बहुतेकांचा क्रम असा असतो की आधी फोन घ्यायचा, मग ऑफर पाहून सिम घ्यायचे, आणि रेंज नाही हे कळल्यावर कंपनीला फोन करत बसायचे. हा क्रम उलटा करावा. आधी आपल्या जागा पाहाव्यात, त्यांवरून कंपनी ठरवावी, कंपनीवरून फोन तपासावा आणि प्लॅन सर्वांत शेवटी घ्यावा.

पहिली पायरी: आपल्या जागा ओळखाव्यात

पुण्यात कोणत्या कंपनीची रेंज चांगली, असे विचारले की प्रत्येक जण आपापल्या घरावरून उत्तर देतो. कोथरूडमध्ये राहणाऱ्याचा अनुभव धायरीत राहणाऱ्याच्या कामाचा नसतो. एवढेच काय, एकाच इमारतीतील रस्त्याकडच्या खोलीचा अनुभव मागच्या डक्टकडच्या खोलीला लागू पडत नाही. त्यामुळे आपण दिवसभर प्रत्यक्ष कुठे असतो याची यादी कागदावर काढावी: झोपण्याची खोली, वर्गातील किंवा कार्यालयातील बसण्याची जागा, अभ्यासिका, रोजच्या येण्याजाण्याचा रस्ता आणि सणासुदीला जाणे होते ते गाव. यांपैकी खोली आणि कामाची जागा यांना सर्वाधिक वजन द्यावे. भर रस्त्यावर शहरात बहुधा सगळ्याच कंपन्या चालतात. खरी परीक्षा चार भिंतींच्या आत होते.

आणि पुण्यातल्या भिंती सारख्या नाहीत. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा या पेठांत जुन्या वाड्यांच्या दगड-विटांच्या जाड भिंती आहेत, आणि वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊनसुद्धा धड पोचत नाही. कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेच्या भाड्याने, मिळणाऱ्या बऱ्याच खोल्या याच भागात, तळमजल्यावर किंवा आतल्या बाजूला असतात. स्पर्धा परीक्षांच्या काही अभ्यासिका तर तळघरात आहेत. वाकड, ताथवडे, बालेवाडी, खराडी या भागांतील नव्या उंच इमारतींत अडचण वेगळी असते. तिथे मायवान पद्धतीचे बांधकाम सर्रास असते, म्हणजे आतल्या-बाहेरच्या भिंतीसुद्धा सळई घातलेल्या काँक्रीटच्या असतात, आणि अशी भिंत विटांच्या भिंतीपेक्षा लहरी जास्त अडवते. हिंजवडीच्या कार्यालयांच्या काचांवर ऊन परतवण्यासाठी धातूचा पातळ थर असतो. तो उन्हाबरोबर मोबाइलच्या लहरीही बऱ्याच प्रमाणात परतवतो.

उंचावर रेंज चांगली असते, हा समज अर्धाच खरा आहे. टॉवरवरचे अँटेना जमिनीवरच्या माणसांसाठी किंचित खाली झुकवलेले असतात. अठराव्या-विसाव्या मजल्यावर जवळच्या टॉवरचा मुख्य झोत पोचत नाही आणि लांबलांबच्या अनेक टॉवरांचे सिग्नल एकाच वेळी येऊन एकमेकांत मिसळतात. रेंज पूर्ण दिसते, तरी आवाज तुटतो, फोन सतत या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारतो. संध्याकाळी वेताळ टेकडीवर फिरायला गेल्यावर काही वेळा असाच अनुभव येतो. टेकडीच्या सावलीत वसलेल्या वस्त्यांचे याच्या उलट असते. पाषाण, बावधन, वारजे, कात्रज या बाजूंना डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सोसायटीत एका कंपनीचा टॉवर समोर आणि दुसऱ्या कंपनीचा टॉवर डोंगराआड, असे सहज होऊ शकते. तिथे शेजारच्या गल्लीत विचारूनही उपयोग नाही, त्याच सोसायटीत विचारावे लागते.

रोजचा प्रवास मेट्रोने असेल तर शिवाजीनगर ते स्वारगेट हा भाग जमिनीखालून जातो, हेही लक्षात घ्यावे. स्वारगेटपर्यंतचा हा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. भुयारातली रेंज तिथे कोणत्या कंपनीने यंत्रणा बसवली आहे त्यावर ठरते, वरच्या रस्त्यावरच्या रेंजवर नाही.

दुसरी पायरी: खोलीत जाऊन मोजावे

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच टाळली जाते. फोनच्या कोपऱ्यातल्या कांड्यांवर विसंबू नये, कारण किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. खरा आकडा फोनमध्येच असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ या भागात सिमची माहिती उघडली की सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककात, दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* हा क्रमांक डायल केला की तपासणीचा पडदा उघडतो आणि त्यात आरएसआरपी या नावाखाली हाच आकडा मिळतो.

हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी ढोबळमानाने उणे ९० किंवा त्याहून चांगला आकडा असेल तर निश्चिंत असावे. उणे १०० च्या आसपास काम चालते, पण दार-खिडक्या बंद केल्यावर कुरकुर सुरू होते. उणे ११० च्या खाली गेले की फोन लागेलच याचा भरवसा राहत नाही, आणि उणे १२० म्हणजे रेंज नसल्यातच जमा. दहा डीबीएमचा फरक छोटा दिसतो; प्रत्यक्षात त्याचा अर्थ सिग्नलची ताकद दहापटीने कमी, आणि वीसचा फरक म्हणजे शंभरपटीने कमी. सदाशिव पेठेतील एका तळमजल्याच्या खोलीत मी हे मोजून पाहिले आहे. रस्त्याकडच्या खिडकीत उणे ८८ दिसत होते. चार पावले आत, भिंतीला लावलेल्या कॉटवर बसल्यावर उणे १०९. आणि न्हाणीघराच्या दारात उणे ११७. खोली दाखवणारे गृहस्थ खिडकीपाशी उभे राहून “इथे फुल रेंज असते” असे म्हणत होते आणि त्यांचे म्हणणे त्या जागेपुरते खरे होते. पण मुलगा झोपणार होता कॉटवर.

म्हणून खोली पाहायला जाताना शक्य असल्यास वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेल्या दोन मित्रांना बरोबर न्यावे. दार आणि खिडकी बंद करावी, फोनचे वायफाय बंद ठेवावे, आणि कॉटवर, टेबलापाशी, स्वयंपाकघरात असे फिरून प्रत्येक सिमचा आकडा लिहून घ्यावा. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट तरी थांबावे, कारण आकडा सतत थोडा वरखाली होतो. मग प्रत्येक सिमवरून पाचएक मिनिटे कोणाशी तरी बोलावे आणि पलीकडच्यालाही आवाज नीट येतो का ते विचारावे. बऱ्याचदा आपल्याला त्याचे सगळे ऐकू येते आणि त्याला आपले तुटक, कारण टॉवरच्या मानाने आपल्या फोनची ताकद फारच थोडी असते. त्याने आपल्याला फोन करावा, हेही करून पाहावे. शेजारच्या खोलीतल्या मुलांना कोणते सिम चालते ते विचारायला संकोच करू नये.

ही तपासणी दुपारी एकदा आणि रात्री आठ ते दहाच्या सुमारास एकदा करावी. रेंज असणे आणि जाळ्यात जागा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर किंवा अलका टॉकीज चौकात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने हे अनुभवले असेल: टॉवर समोर, कांड्या भरलेल्या, आणि साधा फोटोही जात नाही, कारण त्या टॉवरवर एकाच वेळी हजारो फोन असतात. विद्यार्थ्यांची दाट वस्ती असलेल्या भागात रोज रात्री याची छोटी आवृत्ती घडते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे, वेग मोजणारे मायस्पीड नावाचे मोफत ॲप आहे. त्यावर डाउनलोडइतकेच अपलोडकडेही लक्ष द्यावे, कारण व्हिडिओ मुलाखतीत आपला चेहरा पलीकडे पोचतो तो अपलोडवर.

कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आता कव्हरेजचे नकाशे असतात. ट्रायने २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत ते बंधनकारक केले आहेत. खोली पाहण्याआधी एखाद्या भागात कोणती कंपनी मुळीच नाही, हे वगळण्यासाठी ते नकाशे उपयोगी पडतात. त्यापुढे त्यांच्यावर विसंबू नये, कारण नकाशाला आपल्या भिंती माहीत नसतात.

तिसरी पायरी: कंपनी ठरवावी

पुण्यात जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल असे चार पर्याय आहेत. पुणे दूरसंचाराच्या दृष्टीने महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या विभागात, येते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण आणि गोवाही त्याच सर्कलमध्ये आहेत, तर मुंबई, नवी मुंबई, ठाणे हा भाग वेगळ्या मुंबई सर्कलमध्ये मोडतो. लातूरचे किंवा अमरावतीचे सिम पुण्यात आपल्याच सर्कलचे आहे. मुंबईचे सिमही इथे वेगळा आकार न पडता चालते, फक्त पोर्ट करताना, म्हणजे क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलताना, दोन दिवस जास्त लागतात.

खोलीत घेतलेल्या आकड्यांवरून दोन कंपन्या पुढे येतील. त्यांतली एक निवडताना एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी. लहरींची वारंवारता जितकी कमी, तितक्या त्या भिंतीतून जास्त आत येतात. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींत टिकतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेग देतात, पण आतल्या खोलीपर्यंत पोचेपर्यंत दमतात. ३३०० मेगाहर्ट्झचे ५जी तर दोन भिंतींनंतर बहुधा हातचे जाते. जिओकडे ४जीसाठी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ आहेत आणि ५जीसाठी ३३०० च्या जोडीला ७०० मेगाहर्ट्झही आहे. एअरटेल आणि व्हीआय यांचा आतल्या खोल्यांतला आधार मुख्यतः ९०० मेगाहर्ट्झचा आहे. त्यामुळे रस्त्यावर ज्या कंपनीचा वेग जास्त, तीच खोलीत चांगली असेल असे धरून चालू नये.

जिओचे जाळे सुरुवातीपासून फक्त ४जी आणि त्यापुढचे आहे, म्हणून त्यावर बोलण्यासाठी व्होल्टीई, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, असलेला फोन लागतो. जुन्या २जी बटणांच्या फोनमध्ये ते सिम चालणार नाही. गावी आईवडिलांकडे तसा फोन असेल तर त्यांच्यासाठी कंपनी निवडताना हे विसरू नये. बीएसएनएलचे देशी तंत्रज्ञानावरचे ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर अधिकृतपणे सुरू झाले. पुण्याच्या खोलीत ते पुरेल का हे मोजूनच ठरवावे, पण ज्यांच्या गावात फक्त बीएसएनएलचा टॉवर आहे त्यांनी ते सिम बंद करू नये.

माझे स्पष्ट मत असे आहे की एकट्याने नव्या शहरात राहणाऱ्याने दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवावीत: खोलीत चांगली चालते ती मुख्य, आणि कार्यालयात किंवा गावी चालते ती दुसरी. एकाच कंपनीची दोन सिम ठेवून रेंजच्या दृष्टीने काहीच पदरात पडत नाही. दोन कंपन्या असल्या तरी अनेकदा दोघांचे अँटेना एकाच टॉवरवर असतात, कारण टॉवर चालवणाऱ्या कंपन्या ते भाड्याने देतात. त्या टॉवरची वीज गेली आणि बॅटरी संपली की दोन्ही सिम एकदम मुकी होऊ शकतात. वादळी पावसात हा प्रसंग येतो, हे मनाशी असू द्यावे.

चौथी पायरी: फोन

भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या जवळपास सर्व फोनमध्ये इथे लागणारे बँड, म्हणजे लहरींचे ठरावीक पट्टे, असतात. अडचण येते ती परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या किंवा ‘ग्लोबल व्हर्जन’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या फोनमध्ये. असा फोन घेण्यापूर्वी त्या नेमक्या मॉडेल क्रमांकाची माहिती उत्पादकाच्या संकेतस्थळावर उघडून ४जीचे बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ आहेत का ते पाहावे. पेठेतल्या आतल्या खोलीत राहणाऱ्याने ५ आणि ८ यांवर विशेष बोट ठेवावे, कारण ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ ते हेच. बीएसएनएल वापरायचे असेल तर बँड २८ पाहावा. शिवाय आपल्या कंपनीचे व्होल्टीई त्या मॉडेलवर चालते का, याची खात्री करावी. बँड असूनही व्होल्टीई न चालल्यामुळे कॉल न लागणारे फोन पाहण्यात येतात.

५जीच्या बाबतीत एन२८ आणि एन७८ हे बँड पाहावेत आणि त्याबरोबर एसए (स्वतंत्र ५जी जाळे) व एनएसए (४जी जाळ्याच्या आधाराने चालणारे ५जी) या दोन्ही पद्धती चालतात का ते विचारावे. जिओचे ५जी एसए पद्धतीचे आहे. एअरटेलने सुरुवात एनएसएने केली. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या काही स्वस्त ५जी फोनमध्ये फक्त एसएची सोय होती, त्यामुळे एनएसए जाळ्यावर ते निव्वळ ४जी फोन ठरले. खोक्यावर मोठ्या अक्षरात ५जी लिहिलेले असते, हा तपशील मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

वायफाय कॉलिंग ही सोय मी फोन निवडताना अत्यावश्यक मानतो. खोलीत ब्रॉडबँड आहे पण रेंज नाही, अशा वेळी आपल्याच क्रमांकावरचे नेहमीचे कॉल वायफायवरून येतात-जातात. वेगळे ॲप लागत नाही आणि वेगळे पैसेही पडत नाहीत. जिओ, एअरटेल आणि व्हीआय ही सोय देतात, पण आपले मॉडेल त्यांच्या यादीत असावे लागते आणि सेटिंग्जमध्ये ती स्वतः चालू करावी लागते. तळघरातील अभ्यासिकेत किंवा मायवानच्या आतल्या खोलीत राहणाऱ्याचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो. फक्त वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेऊन ठेवावा.

दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलणे चालू असताना दुसऱ्याचे इंटरनेट थांबते. बोलताना डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर वळवण्याची सोय असलेला फोन घ्यावा आणि ती सोय चालू करून ठेवावी. दुकानात फोन हातात घेतल्यावर आपली दोन्ही सिम दोन्ही जागी घालून प्रत्येकावरून एक कॉल करून पाहावा; तापकीर गल्लीच्या परिसरातला दुकानदार असो की मोठ्या शोरूममधला विक्रेता, मागितले तर करू देतात. वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, पाहावा आणि इंग्रजीत KYM असे लिहून, जागा सोडून, तो पंधरा अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. फोन काळ्या यादीत असल्याचे उत्तर आले तर कितीही स्वस्त मिळत असला तरी तो परत करावा.

रेंज कमकुवत असली की फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त ताकद लावतो आणि बॅटरी भराभर उतरते. खोलीत ५जी येते-जाते असे होत असेल तर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ४जी कायम ठेवावे; बॅटरीही टिकते आणि कॉलही स्थिर राहतात. धातूचे किंवा जाड चुंबक बसवलेले कव्हर वापरत असाल तर ते काढून एकदा आकडा मोजून पाहावा.

पाचवी पायरी: सिम घेणे

सिम कंपनीच्या स्वतःच्या दालनातून किंवा ओळखीच्या दुकानातून, आधार दाखवून आपल्याच नावावर घ्यावे. रस्त्याकडेला छत्री लावून बसलेल्या विक्रेत्याकडून घेतच असाल तर बोटाचा ठसा किंवा फोटो “पहिला फेल गेला” म्हणून पुन्हा मागितल्यास तिथेच थांबावे आणि पहिला खरोखर फेल गेला का ते पडद्यावर पाहावे. याच युक्तीने आपल्या नावावर दुसरे सिम काढून विकल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसते. महाराष्ट्रात एका व्यक्तीला नऊपर्यंत क्रमांक घेता येतात. यादीत अनोळखी क्रमांक दिसला तर तिथेच “माझा नाही” अशी नोंद करता येते. हरवलेला फोन बंद करण्याची सोयही याच ठिकाणी आहे.

चालू सिम बदलून नवे घेतले किंवा ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालणारे सिम) केले, तर सुरक्षेसाठी पहिले चोवीस तास एसएमएस बंद राहतात. परीक्षेचे शुल्क भरण्याच्या किंवा बँकेचे काम असलेल्या दिवशी हा बदल करू नये.

सहावी पायरी: प्लॅन

प्लॅन महाग घेतला म्हणून रेंज वाढत नाही. तरीही पहिल्याच दिवशी ३६५ दिवसांचा प्लॅन घेण्याचा मोह टाळावा, कारण पोर्ट केल्यावर उरलेले दिवस आणि शिल्लक दोन्ही बुडतात. पहिला महिना २८ दिवसांचा छोटा रिचार्ज करावा, जागांच्या यादीतील सर्व ठिकाणी वापरून पाहावे आणि मन भरले तर मोठ्या मुदतीचा प्लॅन घ्यावा. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नव्हे तर तेरा रिचार्ज होतात. दर ताडून पाहताना प्लॅनची किंमत भागिले दिवस असा रोजचा खर्च काढावा. ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे किमान एकेक प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवावेत, असे ट्रायने २०२२ मध्ये ठरवून दिले आहे. महिन्याच्या घरखर्चात बसवायला ते सोपे जातात.

‘अमर्याद ५जी’ या शब्दांचा अर्थ नीट वाचावा. ते ५जीच्या रेंजमध्ये असेपर्यंतच अमर्याद असते. ज्या खोलीत ५जी पोचत नाही तिथे रोजचा दीड-दोन जीबीचा ठरलेला डेटाच खर्च होतो आणि तो संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो, ज्यावर मेसेजखेरीज फारसे काही चालत नाही. दुसऱ्या पायरीत खोलीत ५जी मिळत नसल्याचे दिसले असेल तर त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. तेच पैसे तिघा-चौघांत मिळून घेतलेल्या ब्रॉडबँडवर लावावेत. दुसऱ्या सिमसाठी फक्त बोलणे आणि एसएमएस असलेले प्लॅन पुरतात. डेटाशिवाय असे रिचार्ज उपलब्ध ठेवणे ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमाने कंपन्यांना बंधनकारक आहे.

रेंज बिघडली तर

आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे किंवा १९८ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक न चुकता लिहून घ्यावा. नुसते “रेंज येत नाही” असे न सांगता इमारत, मजला, वेळ आणि मोजलेला डीबीएमचा आकडा सांगितला तर तक्रार तांत्रिक विभागाकडे लवकर जाते. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज पाठवण्यात वेळ घालवू नये.

सोसायटीत कोणी सिग्नल बूस्टर बसवण्याचा सल्ला देईल. ऑनलाइन मिळणारे हे यंत्र परवानगीशिवाय बसवणे बेकायदा आहे, आणि त्यामुळे आसपासच्या सगळ्या इमारतींची रेंज बिघडते. दूरसंचार विभाग अशी यंत्रे शोधून काढून टाकतो. इमारतीतच रेंज नसेल तर सोसायटीने मिळून कंपनीकडे अधिकृत यंत्रणेची मागणी करावी.

कंपनी बदलायची झाल्यास इंग्रजीत PORT असे लिहून, जागा सोडून आपला क्रमांक १९०० वर एसएमएस करावा. उत्तरात येणारा यूपीसी, म्हणजे पोर्ट करण्यासाठी लागणारा कोड, चार दिवस चालतो. तो कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीकडे गेल्यावर त्याच सर्कलमध्ये कामाच्या तीन दिवसांत आणि वेगळ्या सर्कलसाठी पाच दिवसांत क्रमांक बदलून मिळतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत, पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे आणि गेल्या सात दिवसांत सिम बदललेले नसावे, एवढ्या अटी आहेत.

जुना क्रमांक सोडून नवा घेण्याचे ठरवले असेल तर जुना लगेच टाकून देऊ नये. सलग ९० दिवस वापर नसेल तर क्रमांक बंद होऊ शकतो आणि काही काळाने तो दुसऱ्याला दिला जातो. त्याआधी बँक, आधार, गॅस, विद्यापीठाचा किंवा आयोगाचा परीक्षा अर्ज आणि भविष्य निर्वाह निधी या प्रत्येक ठिकाणी नवा क्रमांक नोंदवावा, आणि प्रत्येक ठिकाणचा ओटीपी नव्या क्रमांकावर आल्याचे स्वतः पाहूनच जुन्याचे रिचार्ज थांबवावे.